शरणागत आणि गृहस्थ

शिबिराजाची कथा आपल्या घरांतील मुलांना पाठ असते. ससाण्याच्या भयानें कबूतर राजाला शरण आलें आणि त्याच्या भारोभार स्वतःचें मांस राजानें तागडींत घातलें. कथा उज्ज्वल आहे. परंतु शिबीनें जें दिलें तें स्वतःच्या अंगाचें दिलें, याकडे सहसा लक्ष जात नाहीं. तागडींत पत्नी व लेंकरें घालण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत यूरोपांतील कित्येक साध्या संसारी माणसांवर तो आला. त्याविषयीं या वेळीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आश्रय देण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाहीं. आमच्या मावळांतील कार्ले, भाजे व बेडसे येथील विहारांत भिक्षूंना निवारा मिळे. घाट उतरून कोंकणांत गेलें म्हणजे बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरा ऐकूं येते. नवगांवच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून जीं थोडीं माणसें वांचलीं त्यांचे आपण वंशज, असें ते सांगतात. तेलाचा घाणा शनिवारीं बंद ठेवीत, म्हणून कोंकणानें त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलें आणि सुखानें शेजारीं राहूं दिलें. पुढें १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानांत पंचगंगेच्या कांठीं वळिवडे येथें सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी वसली. त्यांत बहुतेक बायका व मुलें होतीं. रशियानें त्यांना घरांतून उचलून दूर ओसाड प्रदेशांत धाडलें होतें. तेथून सुटून तीं इराणच्या वाटेनें इकडे आलीं व १९४८ पर्यंत राहिलीं. पुढें त्याच जागीं सिंधी निर्वासितांचें गांधीनगर वसलें.

हा सारा आश्रय उघड होता. तो देणाऱ्याच्या मानेवर तलवार नव्हती. परंतु वळिवड्याच्या या पाहुण्यांच्या मायदेशांत त्याच वेळीं निराळाच प्रकार चालला होता. नेमून दिलेल्या वस्तीबाहेर पडणाऱ्या यहुद्याला मृत्युदंड, आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड, असा जर्मन अधिकाऱ्यांचा हुकूम १५ ऑक्टोबर १९४१ रोजीं सुटला होता. तरीही मार्कोवा नांवाच्या खेड्यांत युझेफ उल्मा या शेतकऱ्यानें व त्याची पत्नी विक्टोरिया हिनें १९४२ च्या अखेरीस आठ यहुद्यांना घरांत घेतलें व माळ्यावर ठेविलें. युझेफ फळझाडें लावी, मधमाशा पाळी, छायाचित्रें काढी. घरांत सहा मुलें. थोरली अवघी सात वर्षांची. कोणी चुगली केली आणि २४ मार्च १९४४ च्या पहांटे जर्मन पोलिस आले. आठही यहुदी, ते पतिपत्नी व सहाही मुलें यांना गोळ्या घालण्यांत आल्या. विक्टोरियेचे दिवस भरत आले होते.

आतां हें आपल्या घराशीं ताडून पाहावें. आठ माणसें माळ्यावर लपवावयाचीं म्हणजे दळण वाढतें, पाणी वाढतें, दोरीवरचीं धुणीं वाढतात. लोणावळ्यासारख्या गांवीं कोणाकडे पाहुणा उतरला हें दूधवाल्याला दुसऱ्याच सकाळीं कळतें. तेव्हां कर्त्या पुरुषानें एकदां ‘या’ म्हटलें म्हणजे आश्रय दिला असें होत नाहीं. चुलीपाशीं राबणाऱ्या स्त्रीला तो दोन्ही वेळां नव्यानें द्यावा लागतो. मुलांना खेळतांनाही जीभ आवरावी लागते. शेजाऱ्याला पाहून न पाहिल्यासारखें करावें लागतें.

आपल्या शास्त्रांत शरणागताचें रक्षण हें महत्पुण्य सांगितलें आहे. कुटुंबाचें पोषण हाही गृहस्थाचा धर्मच सांगितला आहे. हे दोन धर्म समोरासमोर आले असतां काय करावें? लहान लेंकरांच्या बापानें दार उघडलें नसतें, तर त्याला दोष देण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. मात्र दार न उघडणारा आणि चुगली करणारा यांना एका पंक्तीस बसवितां येणार नाहीं. दार उघडण्यास जें धैर्य लागतें तें थोड्यांपाशीं असतें. तोंड मिटून घेणें बहुतेकांना साधण्यासारखें आहे. त्याच मार्कोव्यांत इतर शेतकऱ्यांच्या घरीं लपलेले वीसएक यहुदी युद्ध संपेपर्यंत जगले. त्या घरांची नांवें जगाला फारशीं ठाऊक नाहींत.

उल्मा कुटुंबाला १० सप्टेंबर २०२३ रोजीं कॅथॉलिक धर्मपीठानें पुण्यात्म्यांत गणलें. आपल्यावर असला प्रसंग न येवो. परंतु मुलांना शिबीची कथा सांगाल तेव्हां ही हकीकतही सांगा. आणि संकटांत सांपडलेलें कोणी आपल्या आळींत येऊन उतरलें, तर त्याचें नांवगांव चार ठिकाणीं सांगत सुटूं नये, एवढें वळण तरी त्यांना आतांपासून लावा.