परसबाग : बारमाही ताटव्याची पूर्वतयारी

देवपूजेला रोज घरचीं फुलें मिळतील असा कायमचा ताटवा कसा करावा, अशी पृच्छा कांहीं वाचकांकडून आली आहे. प्रश्न वेळेवर आला. रोपें लावावयाचीं तीं मृगाचा पाऊस जमिनींत चांगला मुरल्यावर. परंतु ताटव्याचें खरें काम चैत्र-वैशाखांतच उरकावें लागतें, आणि नेमकें तेंच बहुतेक घरीं राहून जातें.

भाजीचा वाफा दर हंगामास मोकळा होतो. चुकलें तें पुढल्या खेपेस सुधारतां येतें. फुलझाडांच्या ताटव्यास ती सवलत नाहीं. इंग्रजी पुस्तकें वाचून बाग आंखणारे पुष्कळ आहेत. जर्ट्रूड जीकल ह्या विदुषीचें फुलबागेंतील रंगसंगतीवरील १९०८ सालचें पुस्तक खरोखरच वाचनीय आहे. पण तिकडच्या ताटव्यांतील बहुतेक झाडें हिवाळ्यांत जमिनीबरोबर वाळतात. तीं उपटून, त्यांचे गड्डे वांटून, माती नव्यानें खणतां येते. आपली तगर, जास्वंद, मोगरा हीं झुडुपें. दहा-पंधरा वर्षें तीं एका जागीं उभीं राहावयाचीं. त्यांच्या मुळांखालीं काय आहे हें आधीं पाहिलें नाहीं, तर मागाहून पाहण्याची सोय नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं आषाढांतल्या एका रविवारीं तीसेक रोपें हौसेनें लावलीं. जमिनींत लव्हाळा होता. तो वरवर खुरपला होता, इतकेंच. लव्हाळ्याचे कंद वीतभर खोल, कधीं त्याहूनहि खालीं असतात आणि दोऱ्यासारख्या मुळांनीं एकमेकांस जोडलेले असतात. वरचें पातें तोडलें कीं खालून दुसरें निघतें. तिसऱ्या वर्षीं सगळा ताटवा खणून काढावा लागला. त्यांत त्यांच्या मातोश्रींनीं माहेरून आणलेला मोगरा होता. ऐन उन्हाळ्यांत तो हलविला, आणि गेला. मातोश्री त्यापूर्वींच निवर्तल्या होत्या; त्यांच्या माहेरचें परसहि राहिलें नव्हतें.

तेव्हां आतां, कडक ऊन आहे तोंवर, जमीन खणावी. हातभर खोल खणून वरची माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस टाकावी. ढेंकळें उन्हांत तापूं द्यावीं, चार-आठ दिवसांनीं परतावीं, आणि प्रत्येक वेळीं दिसतील तितके कंद व हराळीचीं मुळें वेंचून काढावीं. (हराळी म्हणजेच दूर्वा. गणपतीच्या मस्तकावर तिचें स्थान आहे, ताटव्यांत नाहीं. तिला स्वतंत्र कुंडी द्यावी.) हें काम कंटाळवाणें आहे खरें. शाळेच्या सुटीमुळें घरांत मुलें मोकळीं असतात, त्यांस वेंचलेल्या कंदांची मोजदाद करावयास लावलें म्हणजे तें बरेंच सुकर होतें.

खणतांना घर बांधतेवेळचा चुना, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे निघतील ते सर्व बाहेर काढावे. चुनखडीच्या मातींत जास्वंदीचीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग कितीहि शेणखत घातलें तरी झाड सुधारत नाहीं. भिंतीच्या पायाशीं मात्र खणूं नये. भिंत व ताटवा ह्यांमध्यें दीड-दोन फुटांची वाट ठेवावी. तिच्यामुळें भिंतीस ओल येत नाहीं, आणि फुलें काढणाऱ्या बाईस मागच्या रांगेपर्यंत हात पोंचतो.

काळी माती असेल तर एक परीक्षा अवश्य करावी. हातभर खड्डा पाण्यानें भरावा. तें जिरलें कीं पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीं पाणी तसेंच दिसलें, तर ताटवा भोंवतालच्या जमिनीपेक्षां वीतभर उंच करावा. नुसती मूठ मूठ वाळू मिसळून कांहीं साधत नाहीं. खत किती घालावें ह्याचा हिशेब सोपा आहे : २० फूट लांब व ४ फूट रुंद ताटव्यावर कुजलेल्या शेणखताचा तीन इंचांचा थर द्यावयाचा, तर २० घनफूट खत लागेल, म्हणजे सुमारें ४० घमेलीं. ऐकून छाती दडपते; पण असा थर पुन्हा मुळांपर्यंत पोंचविण्याची संधि नाहीं.

आतां जागेविषयीं. बहुतेक लोक ती उन्हाळ्यांत ठरवितात आणि फसतात. ज्येष्ठांत सूर्य अगदीं डोक्यावर असतो, तेव्हां घराच्या उत्तरेचें अंगण लख्ख उन्हांत असतें. तेंच पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य मध्याह्नीं क्षितिजापासून ४८ अंशच वर येतो, व २० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे १८ फूट पडते. म्हणजे हेमंत-शिशिरांत फुलणारे शेवंती व कुंद तेथें लावले, तर ऐन बहराच्या दिवसांत त्यांस ऊनच नाहीं. उत्तरेस तगर व अबोली चालतील. बाकीच्यांस दक्षिण किंवा पूर्व द्यावी.

कालिदासानें मेघदूतांत अलकेच्या स्त्रियांस सहाहि ऋतूंचीं फुलें एकदम नेसविलीं आहेत. आपल्या परसांत ज्या त्या ऋतूनें आपापलें द्यावें, म्हणून कागदावर बारा महिन्यांचीं घरें आंखून प्रत्येक घरांत निदान दोन नांवें येतात कीं नाहीं तें पाहावें. मोगरा वसंत-ग्रीष्माचा, जाई, जुई, सोनटक्का व निशिगंध पावसाळ्याचे, पारिजातक शरदाचा, त्यापुढें शेवंती व कोरांटी, शिशिरांत कुंद. तगर, जास्वंद व अबोली बहुधा वर्षभर साथ देतात. जाई-जुईस कुंपणाचा किंवा मांडवाचा आधार हवा. पारिजातक ताटव्यांत नकोच : त्याचा वृक्ष होतो, आणि गळालेलीं फुलेंच पूजेस चालतात म्हणून खालीं सारवलेली मोकळी जमीन हवी.

शेजार पाण्यावरून ठरवावा. मोगऱ्याचें पाणी पौषांत तोडून, माघांत छाटणी करून, मग खत-पाणी दिलें कीं तो लगडतो. सोनटक्क्यास मुळाशीं ओल लागते. हे दोघे एका पाटावर बसविले तर एकाचा उपास दुसऱ्यास घडतो. शिवाय उन्हाळ्यांत हें पाणी कोण घालणार, हेंहि घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसूनच ठरवावें. हौस एकाची आणि बादल्या धाकट्या सुनेच्या हातीं, असा प्रकार अनेक घरीं दिसतो, आणि तेथील ताटवा दुसऱ्या वैशाखांतच वाळतो.

मागच्या रांगेंत तगर-जास्वंद चार-पांच फुटांवर, मध्यें मोगरा तीन फुटांवर, पुढें अबोली दीड फुटावर. पहिल्या वर्षीं ताटवा उघडा-बोडका दिसेल. मधल्या जागेंत झेंडू व तेरडा पेरावा, पण झुडुपें दाट लावूं नयेत. आणि ज्यांच्या घरीं कोणाच्या हातचा जुना मोगरा असेल त्यांनीं येत्या पावसांत त्याची एक खालची फांदी वांकवून, मातींत दाबून, वर दगड ठेवावा. मुळें फुटलीं कीं तें रोप तोडून दुसऱ्या जागीं, शक्य तर लेकीच्या घरीं, लावावें.