एकोणिसाव्या वर्षाचा अडकित्ता

कॅनडात आइस हॉकीचा व्यावसायिक खेळाडू प्रामुख्याने ज्युनियर क्लबांत घडतो. वेस्टर्न, ऑन्टारिओ आणि क्युबेक मेरिटाइम्स या तीन लीग मिळून कॅनेडियन हॉकी लीग होते. सोळा-सतरा वर्षांची मुले घर सोडून यजमान कुटुंबाकडे राहतात, शाळा सांभाळतात आणि बसने शेकडो मैल फिरत सामने खेळतात. वेस्टर्न आणि ऑन्टारिओ लीगमध्ये एका मोसमात असे ६८ साखळी सामने होतात.

अठराव्या वर्षी नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा ड्राफ्ट येतो. ३२ संघ सात फेऱ्यांत मुलांचे हक्क घेतात, पण बहुतेक जण पुन्हा ज्युनियर क्लबातच परततात, आणि ते बरेच आहे. तिशीतल्या बचावपटूचा धक्का सोसायला अंगात ताकद भरावी लागते. अडचण होते ती ज्युनियर खेळ हातचा मळ झालेल्या, पण एनएचएल अजून न झेपणाऱ्या मुलाची. त्याच्यासाठी अमेरिकन हॉकी लीग ही मधली पायरी आहे. मात्र एनएचएल आणि कॅनेडियन लीग यांच्यातल्या जुन्या करारानुसार कॅनेडियन लीगमधून निवडलेला वीस वर्षांखालचा खेळाडू एक तर एनएचएलमध्ये खेळणार, नाही तर ज्युनियर क्लबात परत जाणार. स्वीडन किंवा फिनलंडमधून निवडलेल्या मुलाला हे बंधन नाही. नियमामागे क्लबांची तिकीटविक्री आहे, हे कोणी फारसे लपवतही नाही.

उदाहरणार्थ, ज्युनियर खेळाडू शेन राइटला २०२२ मध्ये एनएचएलच्या सिअ‍ॅटल संघाने चौथ्या क्रमांकावर निवडले. एनएचएलमध्ये तो बहुतेक बाहेरच बसला. सलग सामने न खेळवलेल्या खेळाडूला सूर सापडावा म्हणून काही दिवस खाली पाठवता येते. या पळवाटेने तो अमेरिकन लीगमध्ये पाच सामने खेळला आणि त्याने चार गोल केले. त्याची जागा कुठे आहे ते तिथेच दिसले होते. तरीही उरलेला मोसम त्याला ज्युनियरमध्ये काढावा लागला. पुढच्या वर्षी, महामारीत वाया गेलेल्या मोसमाच्या सवलतीमुळे, त्याला मधली पायरी मिळाली. २०२४-२५ मध्ये सिअ‍ॅटलकडून त्याने ४४ गुण मिळवले.

अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असूनही करार हलला नाही. त्याला धक्का बसला तो अमेरिकन कॉलेजांमुळे. मानधन घेणाऱ्या ज्युनियर खेळाडूला कॉलेज हॉकी व्यावसायिक मानून दार लावत असे. नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयाने ऑगस्ट २०२५ पासून ते उघडले. मेडिसिन हॅट या ज्युनियर क्लबाचा गॅव्हिन मकेना लगेच पेन स्टेट विद्यापीठात गेला. कॉलेजात सामने कमी आणि तेही बहुतांश शनिवार-रविवारच्या आसपास, त्यामुळे व्यायामशाळेला वेळ मिळतो. वाढत्या अंगाला हा हिशेब सोयीचा आहे.

एनएचएल आणि खेळाडू संघटनेने २०२५ मध्ये केलेला नवा करार २०२६-२७ च्या मोसमापासूनचा आहे. त्यात प्रत्येक संघाला एकच एकोणीस वर्षांचा खेळाडू अमेरिकन लीगमध्ये पाठवण्याची मुभा ठेवली आहे. त्याच संघाकडे तेवढ्याच तयारीचा दुसरा असेल, तर तो मात्र अजून अडकित्त्यातच.