जेडमधले मजूर

सुट्टीत मुंबईला जाणाऱ्या भिलाईच्या हुडकोतल्या मराठी कुटुंबांना एक विनंती. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराबजी टाटांच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत. तिथे जेडचं कोरीवकाम दिसलं, तर किंमत आणि वय विचारून पुढे सरकू नका. कोरलंय कोण, ते विचारा. हातात पीच घेतलेला म्हातारा दीर्घायुष्याचा देव शौलाओ असेल, किंवा पश्चिमेच्या राणीमातेच्या बागेतून अमरफळं चोरणारा दोंगफांग श्वो.

अशा गोष्टींतली सर्वांत भव्य बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात उभी आहे. जेडचा एक डोंगर, उंची सव्वादोन मीटर, वजन पाच टनांहून जास्त. दगड खोतानकडचा, कोरला यांगचौच्या कारागिरांनी, पुरा झाला १७८७ साली. विषय आहे महापूर आवरणारा यू. त्याच्या बापाने बांध घालून पाणी अडवायचा प्रयत्न केला, तो फसला. यूने डोंगर फोडून पाण्याला समुद्राची वाट करून दिली. तेरा वर्षांत तीनदा तो स्वतःच्या दारावरून गेला, पण आत पाऊल टाकलं नाही. गंगा आणणाऱ्या भगीरथाचाच हा भाऊ म्हणायचा.

छ्येनलुंग बादशहाने हा डोंगर आपल्या गौरवासाठी घडवला, त्यावर स्वतःची कविताही कोरवली. पण नजर खिळते ती कड्याकड्यांवर खडक फोडणाऱ्या मजुरांवर. दल्ली-राजहराच्या खनिजावर आणि हजारो हातांवर उभ्या राहिलेल्या भिलाईला ही माणसं परकी वाटायची नाहीत. आणि कारागिरांची मेहनत तर आपल्यालाच नीट कळेल. जेडवर पोलादी सुरीचा ओरखडा उठत नाही. छिन्नीने ते कोरता येत नाही, लोखंडी चकतीखाली ओली, कठीण वाळू घालून कणाकणाने झिजवावं लागतं. त्या दगडात एकेका मजुराचा वाकलेला पाठकणा अशा झिजवण्यातून उतरला आहे.

म्हणून संग्रहालयांकडेही मागणी आहे. जिथे असं कोरीवकाम असेल, तिथल्या पाटीवर राजवंश आणि शतकाबरोबर त्यातली गोष्टही मराठीत चार ओळींत असावी. दगड कुठला आणि कोणत्या राजाचा, हे मुलं विसरतील. स्वतःच्या दारावरून तीनदा तसाच पुढे गेलेला माणूस ती विसरणार नाहीत.