एकोणसाठचे भय

नरकचतुर्दशीला आपण पायाखाली कारीट चिरडतो, त्याचा कडूपणा जिभेला लावतो आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळतो. त्याच रिवाजाला अनुसरून, वाचकहो, दिवाळीच्या या अंकात मी तुमच्यापुढे गणिताचे कारीट ठेवणार आहे. मराठीच्या मास्तराने गणितात नाक का खुपसावे, असे तुम्ही विचाराल. मी बोलणार आहे ते नेहमीप्रमाणे शब्दांविषयीच. फक्त आजचे शब्द एकपासून शंभरपर्यंतचे आहेत.

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात मी मुलांना विचारतो, "मराठी विषय का घेतलात?" कोणी कवितेचे नाव घेते, कोणी आजीच्या गोष्टींचे. आणि एखादे पोर प्रांजळपणे सांगते, "सर, यात गणित नाही." वर्ग हसतो, मीही हसतो, पण मागाहून वाईट वाटते. भाषेकडे मुलांनी आवडीने यावे, आसऱ्याला येऊ नये.

अशीच एक विद्यार्थिनी मला सांगत होती. ती दुसरीत असताना बाईंनी तिला फळ्यावर 'त्रेसष्ट' लिहायला सांगितले. कानावर आधी तीन पडले, म्हणून तिने आधी तीन काढला आणि मग सहा. वर्गात हशा पिकला. त्या दिवसापासून खडू हाती आला की तिला घाम फुटू लागला. आज ती निबंध सुरेख लिहिते, पण भाजीवाल्याने "अडुसष्ट" म्हटले की "म्हणजे सिक्स्टी एट ना?" असे विचारून घेते.

हे काही तिच्या एकटीचे दुखणे नव्हे. 'पिसा' नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी १५ वर्षांच्या मुलांची होत असते. २०१२ सालच्या चाचणीत भारत नव्हता. पण बहुतांशी सधन अशा देशांच्या सरासरीत १०० पैकी सुमारे ३० मुलांनी सांगितले की, गणित सोडविताना आम्ही अगदी असहाय होतो. मानसशास्त्रज्ञ याची फोड अशी करतात: बेरीज करताना हातचा एक मनात धरून ठेवावा लागतो. मनातली ती जागा मुळातच लहान. तीत भीती येऊन बसली की हातच्याला जागा उरत नाही. उत्तर चुकते, चुकले म्हणून भीती वाढते, आणि भीती वाढली म्हणून पुढचेही उत्तर चुकते.

आता आपल्या संख्यानामांकडे पाहा. मला ती फार आवडतात. 'एकोणसाठ' या शब्दात 'एक ऊन साठ', म्हणजे साठाला एक कमी, अशी एक वजाबाकीच दडलेली आहे. हा क्रम एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालतो आणि शंभराच्या उंबरठ्यावर मात्र एकाएकी 'नव्व्याण्णव' येऊन उभा राहतो. 'बावन्न' म्हणतो न म्हणतो तोच पुढच्या पायरीवर 'त्रेपन्न' होते. माझ्यासारख्याला यात मौज आहे. पण ७ वर्षांच्या मुलाचे काय? त्याने तोंडाने 'साठ' म्हणायचे आणि हाताने पाच काढायचा! शेजारचा कानडी मुलगा 'इप्पत्तोंदु' म्हणतो, त्यात वीस आधी येतात आणि एक मागून. जसे ऐकावे तसे लिहावे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशीही एक रीत छापली गेली, तेव्हा केवढा गहजब झाला, हे तुम्हांला आठवत असेल. विधानसभेत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या, म्हणजे फडणवीसांच्या, आडनावातल्या 'वीस'वरही कोट्या झाल्या. या बदलामागे गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते: जोडाक्षरांनी भरलेली नावे लहान मुलांना जड जातात, बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या उलट पडतो, आणि जुनी नावे तर कोणी काढून टाकलेली नाहीत. 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या या विदुषी २०२३ साली निवर्तल्या. त्यांच्या म्हणण्यावर मात्र शांतपणे चर्चा झाली नाही ती नाहीच.

नॉर्वे देशात पूर्वी आपल्यासारखेच 'एक आणि वीस' म्हणत. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे होतात, म्हणून टेलिफोन खात्याने आग्रह धरला आणि १९५१ साली सरकारने 'वीस एक' ही रीत सुरू केली. तिथे आजही दोन्ही रीती कानावर पडतात. नॉर्वेची भाषा काही बुडाली नाही. उलट जर्मन लोक अजून 'एक आणि वीस'च म्हणतात, आणि गाउससारखा थोर गणिती त्याच भाषेत मोजायला शिकला. तेव्हा सारा दोष शब्दांच्या माथी मारता येणार नाही. अवघड शब्द मूल शिकते. त्याला हसू नये आणि घाई करू नये, एवढीच अट असते.

'मराठी बुडाली' म्हणून त्या वेळी जे ओरडले, त्यांना माझा एकच प्रश्न आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीला 'सिक्स्टी एट' म्हणायला कोणत्या पुस्तकाने शिकविले? तिने तर जुनीच उजळणी घोकली होती. 'अडुसष्ट' तिच्या तोंडून गेला तो सोप्या रीतीमुळे नव्हे, भीतीमुळे.

या भीतीत घरचाही वाटा असतो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांविषयी असे आढळले की, ज्या आईबापांना स्वतःलाच गणिताची धास्ती आहे, ते वरचेवर गृहपाठ घ्यायला बसले, तर मुले वर्षभरात गणित कमी शिकतात आणि त्यांची भीती मात्र वाढते. "मलाही गणित कधी जमले नाही हो!" असे आपण पाहुण्यांपुढे हसत सांगतो, तेव्हा कोपऱ्यातले मूल ते ऐकत असते.

या सुट्टीत उजळणी घ्यायचीच असेल, तर अंगणात घ्यावी. मुलाला दहा-दहाच्या ओळीत साठ पणत्या मांडू द्याव्यात आणि त्यातली एक आपण उचलून घ्यावी. किती उरल्या? तो "पन्नास नऊ" म्हणाला, तर "बरोबर" म्हणावे. मग हातातली पणती दाखवून सांगावे, "साठाला ही एक कमी, म्हणून आपल्याकडे याला एकोणसाठ म्हणतात."