सहीच्या पुढची इयत्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले की भिवंडीत समाजाच्या सभागृहांमधून गुणगौरव समारंभांची रीघ लागते. टक्केवारीनुसार नावे पुकारली जातात, स्मृतिचिन्हे दिली जातात आणि पुढच्या अंकात त्या यशवंतांची छायाचित्रे ओळीने छापून येतात. कष्टाने मिळवलेल्या यशाचे कौतुक व्हावे यात गैर काहीच नाही. मात्र याच ठाणे जिल्ह्यात एक शाळा अशी आहे की जिच्या विद्यार्थिनींचे नाव कोणत्याही गुणवत्ता यादीत येणे शक्य नाही. तेथे दहावीचा वर्ग नाही, आणि वर्गातील सर्वांत धाकट्या विद्यार्थिनीनेही शाळा सुरू झाली तेव्हा साठी गाठलेली होती.

ही शाळा मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी आहे. कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता पुढे माळशेज घाटाला लागतो. भिवंडीकरांना तो सहलींमुळे चांगला परिचयाचा. लोकसभेसाठी मुरबाडकर आणि भिवंडीकर एकाच मतदारसंघात मतदान करतात, हेही येथे सांगण्यासारखे आहे. फांगणे येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे जागतिक महिलादिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. निमित्त अगदी साधे होते. त्या वर्षी शिवजयंतीच्या सुमारास गावात पारायण चालू असता काही वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविले की, आपल्यालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते. असे उद्गार प्रत्येक गावात, प्रत्येक घरात ऐकू येतात आणि विरून जातात. येथे एका शिक्षकाने ते मनावर घेतले आणि अवघ्या काही आठवड्यांत वर्ग उभा राहिला.

साठ ते नव्वद या वयोगटातील जवळजवळ तीस आजीबाई त्या वर्गात येऊ लागल्या. गुलाबी नऊवारी हा त्यांचा गणवेश. हाती दप्तर, दप्तरात पाटी आणि खडू. वेळ दुपारी दोन ते चार. सकाळची घरातली व शेतातली कामे आटोपलेली असतात आणि संध्याकाळची चूल पेटायला अवकाश असतो, हे ध्यानी घेता यापेक्षा सोयीची वेळ सापडणे कठीण. शिकविण्याचे काम गावातीलच एका सुनेकडे आले आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही होती. सासूने सुनेपुढे पाटी धरावी आणि सुनेने चूक दुरुस्त करावी, हा प्रसंग ग्रामीण महाराष्ट्रात किती दुर्मीळ आहे हे वेगळे सांगावयास नको. प्रार्थना, मुळाक्षरे, अंक, पाढे, बालगीते असा तेथील क्रम. शाळेच्या आवारात आजीबाईंनी झाडे लावून ती सांभाळली. देशी-परदेशी वार्ताहर कॅमेरे घेऊन फांगण्यात आले. गुलाबी नऊवारीची छायाचित्रे जगभर फिरली.

छायाचित्रांच्या या झगमगाटात एक गोष्ट झाकली जाते. आजीबाईंची पहिली मोठी मिळकत कोणती, तर स्वतःची सही. आजवर ज्या बोटाला शाई लागत होती ते बोट आता पेन धरू लागले. बँकेच्या खिडकीपाशी शाईचा पॅड पुढे सरकवला जाताना मान खाली घालणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या बदलाचे मोल उमगेल. निरक्षर खातेदाराच्या खात्याला छायाचित्र लावावे लागते, अंगठा ओळखीच्या माणसाकडून अथवा अधिकाऱ्याकडून साक्षांकित व्हावा लागतो, पैसे काढण्यास साधारणतः स्वतः हजर राहावे लागते आणि चेकबुक सहसा मिळत नाही. नियम खातेदाराच्या हिताचेच आहेत; तरीही रांगेत सर्वांदेखत अंगठा उठविताना मनाला जे लागते ते लागतेच.

कायदा मात्र अंगठ्याला कमी लेखीत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टनुसार ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही’ या शब्दात खुणेचा समावेश होतो. इतकेच नव्हे, तर अंगठ्यामागे कायद्याचे एक संरक्षणही उभे असते. निरक्षर व्यक्तीच्या दस्तऐवजावर ‘मजकूर वाचून दाखविला व समजावून सांगितला’ असा शेरा आणि तो सांगणाऱ्याची सही घेण्याची पद्धत आहे. पुढे वाद उत्पन्न झाल्यास, विशेषतः निरक्षर स्त्रीच्या बाबतीत, तिला मजकूर खरोखर समजला होता हे दाखविण्याचा भार बहुधा दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर येतो.

सही केली की हे संरक्षण पातळ होते. ज्या अर्थी सही आहे त्या अर्थी वाचून केली, असे जग गृहीत धरते. म्हणून ज्या आजीबाईंना नुसती सही येते आणि वाचन येत नाही, त्या अंगठा उठविणाऱ्या आजीबाईंपेक्षा एका अर्थाने अधिक उघड्यावर असतात. जामीनपत्र, मुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, सगळीकडे नाव सुबक अक्षरात उमटते आणि वरच्या चार पानांत काय लिहिले आहे याचा पत्ता नसतो. भिवंडी परिसरात शेताच्या जागी गोदामे उभी राहताना किती वारसांच्या, त्यातही किती बहिणींच्या आणि माउल्यांच्या सह्या लागल्या, हे जमीन घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना ठाऊक आहे. व्यवहार कायदेशीर असतो, स्टॅम्प भरलेला असतो. वाचलेले असतेच असे नाही.

फांगण्याच्या शाळेचे खरे यश म्हणूनच सहीच्या पुढे मोजावे लागते. सातबाऱ्यावरचे स्वतःचे नाव बोट ठेवून वाचता येणे, पासबुकातील जमा आणि खर्च यांचे रकाने ओळखता येणे, एस.टी.च्या पाटीवरचे गाव कोणाला न विचारता वाचता येणे, या त्या पुढच्या इयत्ता. जनगणनेची साक्षरतेची व्याख्याही हेच सांगते. सात वर्षे व त्यावरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते तीच साक्षर. ‘समजून’ हा शब्द तेथे आहे. मोहिमांच्या उत्साहात तो अनेकदा गळून पडतो. महाराष्ट्राला हा अनुभव जुना आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले. परंतु वाचावयास काही हाती न राहिल्याने नवसाक्षर पुन्हा निरक्षर होतात, ही तक्रार अशा प्रत्येक मोहिमेमागून आलीच.

योगायोग असा की, ज्या वर्षी फांगण्यात पाट्या वाटल्या गेल्या त्याच वर्षी त्याच मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीला महिनाही झालेला नव्हता. १ डिसेंबर २०१६ रोजी बँक ऑफ बडोदाच्या सहकार्याने तेथील दुकानदारांच्या गल्ल्यांवर कार्ड घासण्याची यंत्रे आली. एका तालुक्यात एकाच वर्षी एकीकडे ‘ग म भ न’ आणि दुसरीकडे चार आकडी पिन! ज्याला आकडे ओळखता येत नाहीत तो आपला पिन दुकानदाराला किंवा शेजारच्या मुलाला सांगतो. अंगठा कोणाला उसना देता येत नव्हता, पिन मात्र देता येतो. त्यानंतर आधारवर आधारलेली देवघेव गावोगाव पोहोचली आणि अंगठा पुन्हा यंत्रावर आला. बँकमित्राच्या छोट्या यंत्रावर बोट टेकविले की पैसे मिळतात आणि कागदाची चिठोरी बाहेर येते. किती रक्कम वजा झाली ते तिच्यावर छापलेले असते. ज्या आजीबाईंना आकडे वाचता येतात त्या पाचशे मिळाले आणि पाचशेच लागले हे जागच्या जागी पडताळू शकतात. इतरांना समोरच्याच्या सचोटीवर विसंबावे लागते.

हे सारे मुरबाडच्या डोंगरात घडते आणि भिवंडीशी त्याचा संबंध नाही, असे मानण्यात अर्थ नाही. यंत्रमागांवर, गोदामांत आणि पेढ्यांवर राबणाऱ्यांत अंगठा उठविणारे हात आजही आहेत. ते वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले आहेत. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती आणि तेलुगू माध्यमांतून चालतात यावरूनच शहराची घडण कळते. केंद्र शासनाचा ‘उल्लास’ अर्थात नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील कोणाही निरक्षर व्यक्तीला त्यात शिकता येते. शिकविणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नसते; शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही हे काम करता येते. कार्यक्रमाचा घटक शाळा हाच असल्याने चौकशीसाठी जवळची शाळा पुरते. सभागृहात सत्कार स्वीकारणाऱ्या मुलामुलींनी सुटीत घरकाम करणाऱ्या एका बाईला वाचावयास शिकविले, तर पुढच्या समारंभात टक्केवारीच्या शेजारी तीही नोंद छापण्यासारखी ठरेल.

या कार्यक्रमाची चाचणी दीडशे गुणांची असते. वाचनाला पन्नास, लेखनाला पन्नास आणि संख्याज्ञानाला पन्नास. शेवटच्या पन्नास गुणांचा शिक्षक शोधण्यास व्यापाऱ्याला दूर जावे लागणार नाही. पगाराची वही हमालापुढे ठेवून, ‘येथे अंगठा कर’ असे सांगण्याऐवजी तिच्यातील त्याचे नाव, हजेरीचे दिवस, घेतलेली उचल आणि हाती येणारी रक्कम हे चार रकाने त्याच्याकडूनच वाचून घेण्यास मुनीमजींना दर शनिवारी अर्धा तास पुरतो.