हौसेला मोल असतं

'हौसेला मोल नसतं' असं आपल्याकडे सहज म्हणतात. कोणी महागडा कॅमेरा घेतला, कोणी गिटारवर तीन पगार घातले, की घरचे हे वाक्य हसत (किंवा दात-ओठ खात) म्हणतात. हे वाक्य विमा कंपनी अगदी शब्दशः घेते हे मला ऑगस्ट २०१९ मध्ये कळलं.

त्या आठवड्यात बेळगावात जो पाऊस झाला तो इथल्या कोणाला सांगायला नको. आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. मी तेव्हा शाळेत होते. फ्रीज, गाद्या, माझी पुस्तकं, सगळं भिजलं. पण पप्पा उभे होते ते कॉटपाशी. कॉटखाली आजोबांचं व्हायोलिन होतं. पप्पा त्याच्यावर दर रविवारी मिस्साला वाजवायचे. व्हायोलिनचे भाग प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवलेले असतात आणि तो सरस पाण्यात विरघळतो. केस उघडली तेव्हा वरची फळी बाजूला निघाली होती.

मम्मी म्हणाली, "अहो, आपला इन्शुरन्स आहे ना?" होता. घराच्या कर्जासोबत बँकेने काढायला लावलेला. सर्व्हेअर आले, भिंती बघितल्या, फोटो काढले. मग कळलं की पॉलिसी फक्त बांधकामाची आहे. घरातल्या सामानाचा त्यात एक शब्द नव्हता. प्लॅस्टरचे पैसे मिळाले. सर्व्हेअर आपलं काम करत होते, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो याचा, की इतकी वर्षं हप्ता भरताना आमच्यापैकी एकानेही तो कागद वाचला नव्हता. आणि मी साहित्याची विद्यार्थिनी! कवितेतल्या एका स्वल्पविरामावर आम्ही तासभर वाद घालतो.

म्हणून मागच्या सुट्टीत मी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी बसून वाचली. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. घर आणि सामान दोन्हींचा विमा घेतला, तर घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप हे सगळं त्यात येतं. इथपर्यंत वाचून मी खूश झाले.

पण पुढचं वाचा. साधी घरफोडी यात येत नाही. आग-पुरासारखी घटना घडली आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तरच ती धरतात. वस्तू घराबाहेर नेली की तिचं संरक्षण संपलं. माझ्या एका मित्राचा कॅमेरा आंबोलीच्या धुक्यात दगडावर आपटला. घराचा विमा तिथे काय करणार? त्यासाठी 'ऑल रिस्क' नावाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. शॉर्ट सर्किटने कीबोर्ड जळला, तर त्या कीबोर्डचे पैसे नाहीत. आणि आपल्या मंडळासाठी खास: हस्तलिखितं वगळलेली आहेत! तुमची कादंबरी वाहून गेली तर गेली.

चित्रं, पुराणवस्तू, दागिने हा 'मौल्यवान' वर्ग वेगळा, तो मागून घ्यावा लागतो. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. मग आजोबांचं व्हायोलिन साधं सामान की पुराणवस्तू? हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्यायला हवं. नुकसान झाल्यावर विचारलं तर उत्तर आपल्या सोयीचं येईल याची खात्री नाही.

पण खरी अडचण कागदात नाही, आपल्या घरात आहे असं मला वाटतं. हौशी माणूस किंमत लपवतो. "सेकंड हॅंड मिळाला गं, स्वस्तात," असं सांगून बिल फाडून टाकतो. टीव्हीचं बिल फाईलमध्ये, लेन्सचं कचऱ्यात. क्लेमच्या वेळी कुठलं बिल दाखवणार? आणि विषय फक्त पैशांचा नाही. घरातली सामानाची यादी करायला बसलं तर मिक्सर पहिला आठवतो, तबला आठवतच नाही. ज्या वस्तूवर माणूस जगतो तीच यादीत नाही.

पप्पांना हे पटत नाही. "नवीन व्हायोलिनचे पैसे दिले असते गं, पण आजोबांचा हात लागलेलं कोण देणार?" बरोबर आहे. पण सध्या ते रविवारी जे स्वस्तातलं फॅक्टरीचं व्हायोलिन वाजवतात, त्याच्या जागी बरं वाद्य असतं तर आजोबांना वाईट वाटलं नसतं, एवढंच माझं म्हणणं.

आता आपल्या मंडळाकडे येते. आपली हार्मोनियम, दोन माइक आणि नाटकाचे लाइट सेक्रेटरीच्या घरी माळ्याखालच्या खोलीत असतात. त्याच्या वडिलांच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तू धरतात का, हे कोणी विचारलंय? जूनच्या आधीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा. बिलं खजिनदाराकडे असतील तर त्याने ती घेऊन यावीत. नसतील तर निदान फोटो काढून, हार्मोनियमच्या आतला नंबर लिहून ठेवू. आणि ती जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा. त्याला हप्ता लागत नाही.