हायड्रिलाची साक्ष

फिशटँकमध्ये खरी झाडं लावायचा विचार बोलून दाखवला की दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे नाद सोडा, प्लास्टिकची घ्या, धुतली की पुन्हा नवी. दुसरा म्हणजे लावायचीच असतील तर आधी दणदणीत लाइट घ्या, मग सीओटूचं सिलिंडर घ्या, नाहीतर सगळं कुजेल. हौसेनं दोन फुटांची टाकी आणलेला माणूस या दोहोंत सापडतो आणि चार-सहा महिन्यांत ती टाकी माळ्यावर जाते. माझं भांडण दोन्ही सल्ल्यांशी आहे, पण दुसऱ्याशी जास्त, कारण तो शास्त्राचं नाव घेऊन येतो.

पूर्वपक्ष असा. झाड प्रकाशावर अन्न तयार करतं. पाण्यातून खाली जाताना प्रकाश कमी होतो. म्हणून लाइट जितका प्रखर तितकी वाढ चांगली. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत; तिसरं त्यांच्यातून निघत नाही. याचा पुरावा आपण सगळ्यांनी शाळेतच पाहिला आहे. चंचुपात्रात हायड्रिलाच्या काड्या, वर उपडं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. दिवा जवळ आणला की बुडबुडे भराभर सुटतात. पण आणखी जवळ आणत गेलं की एका मर्यादेनंतर त्यांचा वेग वाढेनासा होतो. मग पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की तीच काडी, त्याच दिव्याखाली, पुन्हा जोरात बुडबुडे सोडू लागते. तिला प्रकाश कमी पडत नव्हता, कार्बन कमी पडत होता. ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त तुटवडा असेल तीच वेग ठरवते, हा नियम ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी 1905 मध्ये मांडला.

आता हा नियम टाकीला लावून पाहा. वायू हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यात पसरतो. पानानं भोवतालचा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला की नवा यायला वेळ लागतो. सिलिंडर नसलेल्या टाकीत त्याचा पुरवठा तिघांकडून होतो: वरची हवा, माशांचा श्वास आणि तळाशी कुजणाऱ्या कचऱ्यावर जगणारे जिवाणू. हा पुरवठा संथच राहणार. त्याला पुरेल त्यापेक्षा जास्त प्रकाश दिला तर झाडाला तो वापरता येत नाही, शेवाळाला येतो. म्हणजे जास्तीच्या लाइटचे पैसे आपण शेवाळ वाढवण्यासाठी भरतो.

हे मी भोगलं आहे. माझ्या पहिल्या टाकीत अनुबियास या झाडाची वाढ दिसत नाही म्हणून मला दुसरा लाइट विकण्यात आला, आणि बारा तास चालू ठेवा असं बजावण्यात आलं. तीन आठवड्यांत पानापानावर काळसर केसांसारखं शेवाळ आलं. मग त्यावरचं औषधही मी विकत घेतलं. अखेर फरक पडला तो दुसरा लाइट काढून, टाइमर लावून, प्रकाश सहा तासांवर आणल्यावर. अनुबियास मुळातच संथ वाढते, महिन्याला एखादं पान. ते माझ्या अधीरतेला दिसत नव्हतं.

गॅलनमागे इतके वॅट, हा हिशेबही अजून सांगितला जातो. तो जुन्या ट्यूबलाइटच्या काळातला आहे. एलईडी त्याच वॅटमध्ये कितीतरी जास्त उजेड देतो, म्हणून वॅट सोडून खोक्यावरचे ल्युमेन वाचावेत. साध्या टाकीला लिटरमागे 15 ते 20 ल्युमेन हा हौशी लोकांचा ढोबळ हिशेब मला पटला आहे. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावतं. म्हणजे गरज झाली आठशे ते अकराशे ल्युमेनची, आणि 9 वॅटचा घरगुती एलईडी बल्ब याच्या आसपास उजेड देतो. 6500 केल्विनचा पांढरा घ्यावा, झाकणाखाली पाण्याचे शिंतोडे लागणार नाहीत असा बसवावा. सुरुवातीला सहा तास, झाडं रुजली की फार तर आठ. खिडकीतलं ऊन मात्र टाळावं. ते मोजता येत नाही आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये पाणी तापवतं.

झाडं निवडावीत ती सावलीत वाढणारी. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचे. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की ते कुजतं, आणि दोष लाइटला दिला जातो. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतल्याच. नव्या पाण्यात लावल्यावर तिची पानं अनेकदा विरघळतात. मुळं जिवंत असतात, ती उपटू नयेत. बोअरवेलचं जड पाणी असेल तर वॅलिस्नेरिया खुशीत राहते. आणि पहिल्या दिवसापासून हायड्रिला हवीच, भरपूर.

तळाशी इंचभर चाळलेली, खत न घातलेली बागेची माती आणि वर इंचभर बारीक रेती. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी 1999 च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली. मातीतला पालापाचोळा कुजताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच झाडांना मिळतो. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनियाही झाडं शोषून घेतात. प्लास्टिकचं झाड यातलं काहीच करत नाही, म्हणून पहिला सल्लाही मला मान्य नाही.

लालभडक रोटाला किंवा तळभर हिरवळीचा गालिचा हवा असेल तर सिलिंडरवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. तिथे प्रखर लाइट आणि गॅस दोन्ही लागतात. पण तो वेगळा छंद झाला. चार-सहा गप्पी आणि हिरवीगार टाकी एवढंच हवं असलेल्या माणसाला तो खर्च सांगणं अन्यायाचं आहे.

एक विनंती मात्र दोन्ही पक्षांना. कासच्या पठारावरचा वायतुरा पाण्यात उगवतो म्हणून तो उपटून आणू नका. ती उत्तर सह्याद्रीतच सापडणारी जात आहे. आणि टाकीतली छाटलेली हायड्रिला ओढ्यात किंवा तळ्यात फेकू नका. 1950 च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातूनच ती फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या तळ्यांचा श्वास तिनं कोंडला. वाळवून कुंडीतल्या मातीत घाला.